बेरीज नऊ आली, पुढे काय?

‘अंकशास्त्र’ हा शब्द ज्योतिषांनी कधी पळवला ते आपल्याला कळलंही नाही. ‘संख्याशास्त्र’ सरासरी आणि नमुना पाहणीवाल्यांकडे गेलं. शाळेच्या वाट्याला अंकगणित आलं, तेही नळ-हौद आणि नफा-तोट्यात अडकलेलं. संख्येचा स्वभाव कसा असतो, तिच्या पोटात काय असतं, हे पाहणाऱ्या विद्येला विद्यापीठात ‘संख्या सिद्धांत’ म्हणतात. हे नाव घेऊन नाक्यावर उभे राहा, कोणी वळूनही पाहणार नाही. ‘अंकशास्त्र’ म्हणा, लोक आपणहून जन्मतारीख सांगायला लागतील.

मध्यंतरी एका मोबाईलच्या दुकानात पाच-दहा मिनिटं उभं राहायची वेळ आली. माझ्यापुढे विशी-बाविशीचा एक मुलगा नवीन सिम घेत होता. दुकानदाराने नंबरांची यादी पुढे सरकवली आणि मुलगा एकेका नंबराचे दहा अंक तोंडी मिळवत खाली येऊ लागला. ‘चव्वेचाळीस. आठ. नको.’ ‘त्रेपन्न. हापण आठच.’ मला राहवेना. विचारलं, आठ का नको रे? ‘शनीचा असतो, काका.’ दुकानदार सराईत होता. ‘सहावाले गेले सगळे. पाच बघ ना. बुधाचा, धंद्याला चांगला.’

मला त्या मुलाची कीव आली नाही. हेवा वाटला. बरीच वर्षं शिकवण्या घेतल्या, पण दहा अंकी संख्येकडे इतकं टक लावून पाहणारं पोर माझ्यापुढे क्वचित बसलं. त्याची तोंडी बेरीज झकास होती. दुकानदाराचा कॅल्क्युलेटर मागे पडत होता.

अशा दुकानांना हसणं सोपं आहे. गाडीला आवडीचा नंबर मिळावा म्हणून परिवहन खात्याकडे वेगळं शुल्क भरणारी मंडळीही हसण्यावारी नेता येतात. ०००१ साठी लाखांत पैसे मोजणारे आहेत, आणि सरकार ते आनंदाने घेतं. लोकांच्या श्रद्धेशी मला भांडायचं नाही. माझं भांडण शाळेशी आहे. मोठ्या संख्येबद्दल माणसाला जात्याच कुतूहल असतं. शाळा त्याला जेवायला घालत नाही, म्हणून ते भटकत त्या दुकानात जातं.

आधी त्या बेरजेचंच पाहू. दहा म्हणजे नऊ आणि एक. शंभर म्हणजे नव्याण्णव आणि एक. हजार म्हणजे नऊशे नव्याण्णव आणि एक. प्रत्येक स्थानाच्या किमतीतून नवाच्या पटीतला भाग बाजूला काढला की एक उरतो. म्हणून कुठल्याही संख्येच्या अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आलात की हातात राहते ती त्या संख्येला नवाने भागल्यावरची बाकी. बाकी शून्य असेल तिथे नऊ दिसतो. ज्याला ‘मूलांक’, ‘भाग्यांक’ वगैरे भारदस्त नावं आहेत, ते एवढंच आहे. सलग नऊ नंबर घ्या, त्यातला बरोबर एक शनीचा निघतो. शनीचा यात काही दोष नाही.

पण ही बाकी टाकाऊ वस्तू नाही. तिचं खरं काम मी एका पतसंस्थेत पाहिलं. उमेदवारीचे दिवस होते, हिशेब हाताने लिहायचे. महिनाअखेरीला तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजांचं पत्रक, जुळेना, ५४० रुपयांचा फरक. मी रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खात्यांची वही) पहिल्या पानापासून चाळायला बसलो होतो. आमचे हेडक्लार्क अण्णा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, ‘पानं कसली उलटतोस? नवाने भाग.’ साठ आले. ‘भाग गेला ना? मग तू आकडे उलटसुलट लिहिलेस. साठ म्हणजे शतक आणि दशक, आणि दोन अंकांत सहाचा फरक. दोन-आठ शोध, एक-सात शोध, तीन-नऊ शोध.’ दहा मिनिटांत सापडलं. रोजकीर्दीत ७,२८३ होते, खतावणीत मी ७,८२३ चढवले होते.

मला त्या वेळी ती जादू वाटली. अण्णांना ती वाटत नव्हती. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक नेहमी नवाच्या पटीत पडतो, आणि ती पटच सांगते की कुठल्या जागेवर घोळ झालाय. त्यांनी कागदावर दोन ओळींत दाखवलं आणि कप उचलला.

मराठीत याला नेमका शब्द आहे: ताळा. गुणाकार केला की नवाचा ताळा पाहायचा, ही जुन्या माणसांची सवय. ताळमेळ, पडताळा, ताळेबंद ही सगळी त्याच घरातली मंडळी. मला वाटतं, मोठ्या संख्येबद्दल जनतेला शिकवण्यासारखं जे आहे ते या एका शब्दात बसतं, आणि नेमका तोच आपण वर्गातून बाहेर काढला.

आता ताळ्याची गंमत अशी की त्यालाही एक आंधळा डोळा आहे. दोन खात्यांतला फरक नवाने भागून अण्णांनी अदलाबदल पकडली. पण समोर एकच आकडा असेल, तर ७,२८३ आणि ७,८२३ यांची अंकांची बेरीज सारखीच. ताळा दोन्हींना ‘ठीक’ म्हणतो. माणसाच्या हातून आकडा लिहिताना होणाऱ्या नेहमीच्या चुका दोन: एखादा अंक चुकणं आणि शेजारचे दोन अंक उलटे पडणं. दुसरी चूक नवाला दिसत नाही. मग ज्या देशात शंभर कोटींहून जास्त लोकांना बारा अंकी क्रमांक द्यायचा, तिथे काय करायचं?

तुमच्या आधार क्रमांकाचा शेवटचा अंक याच प्रश्नाचं उत्तर आहे. आधीच्या अकरा अंकांवरून तो काढलेला असतो, १९६९ साली वेरहोफ या डच गणितज्ञाने मांडलेल्या रीतीने. त्या रीतीत साधी बेरीज नाही, कारण बेरजेला क्रमाची पर्वा नसते: दोन अधिक आठ आणि आठ अधिक दोन सारखेच. वेरहोफने पंचकोन घेतला. पंचकोन आधी फिरवून मग उलटा केला आणि आधी उलटा करून मग फिरवला, तर तो वेगवेगळ्या स्थितीत येऊन पडतो. क्रम बदलला की उत्तर बदलतं. असं गणित त्याने अंकांना लावलं, त्यामुळे एक अंक चुकला तरी पकडला जातो आणि शेजारचे दोन उलटे पडले तरी. आधारचा अर्ज भरताना ‘क्रमांक अवैध’ असं क्षणात दिसतं, तेव्हा संगणकाने दिल्लीला विचारलेलं असेलच असं नाही. त्याने फक्त ताळा पाहिलेला असू शकतो. आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे की आपल्या खिशातल्या त्या क्रमांकाचा बारावा अंक आपला नाहीच, तो आधीच्या अकरांचा पहारेकरी आहे? त्या क्रमांकाची बेरीज किती येते, हे मात्र अनेकांनी करून पाहिलेलं असतं.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून रान उठलं होतं, ते आठवत असेल. ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असंही वाचायला दिलं होतं. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं अडखळतात, म्हणून ही सोय आहे, असं पुस्तकाच्या गणित समितीच्या बाजूने गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या. विधिमंडळात आडनावांवर कोट्या झाल्या, वाहिन्यांवर भाषा बुडाली. मला तो बदल पटला होता, कोणाला पटला नसेल. पण त्या सगळ्या गदारोळात भांडण संख्येच्या नावाचं होतं. नाव घेता आल्यावर मुलाने त्या संख्येचं करायचं काय, हा प्रश्न कोणत्याच बाजूने आला नाही. आजही मोठ्या संख्यांचा धडा म्हणजे वाचा, अक्षरांत लिहा, स्वल्पविराम द्या, चढता-उतरता क्रम लावा. एखाद्या पाहुण्याचं नाव, गाव, पत्ता विचारून घ्यायचा आणि दारातूनच परत पाठवायचं, तसं.

एक पाहुणा घरात घेऊन दाखवतो. १२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा अंक. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थानांच्या नावांनी वाचली तर ही संख्या अशी उतरते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दशक, एक. परार्ध एका पायरीने हुकला. मोठ्याने वाचून पाहा, पालखीसारखी चालते.

हिच्या कुळातल्या संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. डोंबिवली स्टेशनाचं त्या काळचं नाव डेमलो, आणि ही कल्पना तिथे सुचली, असं त्यांचं सांगणं. देवळालीच्या शाळेत ते १९३० ते १९६२ मास्तर होते. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’साठी त्यांचं नाव जगभर घेतलं जातं, पण मला डेमलो जास्त आवडते, कारण ती फसवते.

नऊ वेळा एक लिहा: १११११११११. हिला हिनेच गुणा. कागदावर उभा गुणाकार मांडला की नऊ ओळी एकेक घर सरकत उतरतात, उभ्या रकान्यांत एकची गर्दी आधी वाढत जाते, मग ओसरते, आणि खाली डोंगर तयार होतो: आपला सतरा अंकी पाहुणा. अंकांची बेरीज ८१. गंमत म्हणजे ती संख्या ८१ ने भागलीही जाते. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं होतं, तेव्हा ही हर्षदही आहे.

आता दहा वेळा एक लिहून वर्ग करा. डोंगर आणखी उंच व्हायला हवा. येतं काय? १२३४५६७९००९८७६५४३२१. मधे दोन शून्यं, चढणीवरचा आठ गायब. मधल्या रकान्यात दहा एक जमले, दहाचा हातचा डावीकडे गेला, तिथल्या नवाला त्याने शून्य केलं, पुढच्या आठाचा नऊ केला. हातच्याने डोंगर खाल्ला. आपल्याला दहाऐवजी सोळा बोटं असती आणि आपण सोळाच्या पटीत मोजत असतो, तर तो पंधरा एकांपर्यंत उभा राहिला असता. म्हणजे डोंगर संख्येचा नव्हताच, आपल्या लिहिण्याचा होता. तो तिचा अंगरखा.

अंगरख्याच्या आत काय आहे? नऊ एक तीन-तीनच्या गटांत बांधा. १११ गुणिले १००१००१. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, हे पोरांना माहीत असतं. १००१००१ च्या अंकांची बेरीज तीन, म्हणजे तीनचा भाग जाणार: ३३३६६७. आता हिला आणखी फोडता येतं का? ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. अशा मूळ संख्या १०६ आहेत. एकट्याला कंटाळवाणं काम. चाळीस मुलांच्या वर्गात वाटून दिलं तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन भागाकारही येत नाहीत. प्रत्येकाने करायचा, शेजाऱ्याने ताळा पाहायचा. कोणाचाच भाग जात नाही. तासाभरात चाळीस मुलांनी मिळून एक गोष्ट सिद्ध केलेली असते: ३३३६६७ मूळ आहे. पुस्तकाने सांगितलं म्हणून नाही. त्यांच्यातल्या एकाने जरी आळस केला असता तरी सिद्ध झाली नसती.

मग डेमलो पूर्ण उलगडते: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. तिचे विभाजक बरोबर ४५, आणि पूर्ण वर्ग असल्यामुळे विभाजकांची संख्या विषम. हे गुणधर्म तुम्ही ती संख्या दोनाच्या पद्धतीत लिहा, रोमन आकड्यांत कोंबा, नाहीतर चिंचोके मांडून दाखवा, बदलत नाहीत. डोंगर जाईल, ८१ ही बेरीज जाईल, ३७ जाणार नाही.

हाच फरक मुलांच्या हाती यावा, एवढं माझं म्हणणं आहे. मोबाईल नंबराचा ‘आठ’ अंगरख्यावरचा आहे, त्यातही नवाच्या बाकीइतकाच.

यावर जाणत्यांचा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. हार्डीसारख्या गणितज्ञाने लिहून ठेवलंय की ८७१२ आणि ९८०१ या चार अंकी संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत (२१७८ ची चौपट, १०८९ ची नऊपट), पण अशा गोष्टी कोडी छापणाऱ्या सदरांच्या लायकीच्या. त्यांतून पुढे काही निघत नाही, गणितज्ञाला त्यांत रस नसतो. कापरेकरांच्या वाट्यालाही हे शेरे आयुष्यभर आलेच. हार्डीचं म्हणणं गणितातल्या श्रेष्ठ-कनिष्ठतेपुरतं मला मान्य आहे. सहावीच्या वर्गापुरतं मान्य नाही. अंगरखा खोटा आहे हे कळायला तो आधी हातात घ्यावा लागतो, उलटून पाहावा लागतो. डोंगर दिसला नसता तर तो कोसळला याचं आश्चर्य वाटलं नसतं. कापरेकरांचं मोठेपण मी इथे पाहतो: अंगरख्याशी खेळताना त्यांनी कोणाला ‘विश्वास ठेवा’ म्हटलं नाही. त्यांचा प्रत्येक दावा देवळालीतला कुठलाही विद्यार्थी पाटीवर तपासू शकत होता. (रामानुजन, हार्डी आणि टॅक्सीच्या १७२९ या नंबराची गोष्ट इथे मुद्दाम सांगत नाही. ती सगळ्यांना पाठ आहे आणि टॅक्सीच्या पुढे कोणी जात नाही.)

दुसरा आक्षेप नेहमीचा: याचा उपयोग काय? इथे गणिताचे वकील लगेच संगणकाची सुरक्षा काढतात. खरं आहे ते. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या ज्या मासिकात मार्टिन गार्डनर या गणित-लेखकाने मार्च १९७५ च्या सदरात कापरेकरांची ओळख जगाला करून दिली, त्याच सदरात ऑगस्ट १९७७ मध्ये त्याने नवीन प्रकारच्या सांकेतिक लिपीची माहिती दिली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, तो फोडणं महाकठीण, यावर ती उभी होती. वाचकांना १२९ अंकी संख्या फोडायला दिली होती. ती १९९४ साली फुटली. आज तुमचं बँकेचं पान उघडतं त्यामागे त्या जातीचं गणित आहे.

तरी वर्गात हे उपयोगाच्या नावाने विकू नये, असं माझं ठाम मत आहे. उपयोगाच्या बाजारात दुकानदार कायम जिंकणार. तो म्हणतो, धंद्याला पाच घे, लग्नाला सहा घे, उद्यापासून फरक बघ. त्यापुढे ‘तुझ्या बँकेच्या व्यवहारामागे सहाशे अंकी संख्या असते’ हे कोणाला भिडणार? शिक्षकाकडे दुकानदाराकडे नसलेली एकच वस्तू आहे. ताळा. आठ नंबरवाल्यांचं किती वाटोळं झालं आणि पाचवाल्यांचं किती भलं झालं, याचा ताळा दुकानात कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही.

अभ्यासक्रम आधीच भरलाय, शिक्षकांवर आणखी ओझं नको, हा आक्षेप मी मान्य करतो, म्हणून नवा धडा मागत नाही. अक्षरी लेखनाचे जे ढीगभर प्रश्न आहेत त्यांतले अर्धे काढा आणि तेवढ्या तासांत वर्गाला एकच मोठी संख्या द्या. तिला गुण नकोत. गुण दिले की गाईड निघेल, गाईडात डेमलोचे अवयव छापून येतील, आणि १०६ भागाकार करायला कोणी उरणार नाही. बाराव्या-तेराव्या शतकात चाळीसगावजवळच्या पाटणला याहून अवघड गोष्ट जमली होती. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्यासाठी दानं दिली, याचा १२०७ चा शिलालेख आजही तिथे आहे.

आणि संगणक आहे ना, मग हाताने कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी: ही सतरा अंकी संख्या एक्सेलच्या घरात टाइप करून पाहा. वरच्या पट्टीत शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं येतात, कारण तो पंधरा अंकांपलीकडचं लक्षात ठेवत नाही. काही बोलत नाही, लाल रेघ मारत नाही. सोळा-सतरा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून त्यात उतरवणाऱ्या कारकुनाला हे कोण सांगणार? अंकांची बेरीज करा: ८१ ची ७८ झालेली दिसेल. नवाने पकडलं.

त्या दिवशी दुकानात मी त्या मुलाला म्हटलं, ‘तुझे आठवाले नंबर नवाने भाग, प्रत्येक वेळी आठ उरतील.’ त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. दुकानदाराचा कॅल्क्युलेटर ओढला, पहिला नंबर घातला, नवाने भागला. मग दुसरा. पडद्यावर दशांश चिन्हापुढे आठच आठ आले. ‘च्यायला, खरंच की,’ म्हणाला. तिसरा घातला, चौथा घातला. सहावाला एक कुठून तरी शोधून काढला आणि सहाच सहा आलेले पाहून एकटाच हसला. मागे रांग लागली होती, दुकानदाराने कॅल्क्युलेटर काढून घेतला.

सिम त्याने पाचवालंच घेतलं.